सावली नेमकी कुठे पडते?

वाचकांचे प्रश्न

उन्हाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाची आहेत. शाळेचे मैदान, बसथांबा, बाजार, तालमीपुढचा रस्ता आणि यात्रेची वाट अशा ठिकाणी माणसांना उन्हापासून आडोसा कसा द्यावा, असा तो विषय आहे. पत्रे संक्षिप्त करून घेतली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. वास्तुरचनेचे काम मी अनेक वर्षे कोल्हापुरात करत आलो असल्यामुळे उत्तरांतली गणिते याच शहराच्या आकाशाला धरून केली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला देणगीतून पत्र्याची शेड उभारली. ती दहा फूट रुंद, बारा फूट उंच आणि उत्तर-दक्षिण लांब आहे. मधल्या सुट्टीत, म्हणजे साडेबाराच्या सुमारास, तिचा चांगला उपयोग होतो. तीननंतर मात्र मुले शेडखाली बसूनही उन्हातच असतात. आमची चूक कुठे झाली?
— एक शिक्षिका, कसबा बावडा

आपल्या शेडचे बांधकाम चुकलेले नाही, चुकली आहे ती दिशा, आणि ही चूक इतक्या ठिकाणी होते की उत्तर थोडे विस्ताराने देतो.

कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे पावणेसतरा अंशांवर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच नाहीशी होते. हा क्षण घड्याळात बारा वाजता येत नाही. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते, त्याच्या आपण बरेच पश्चिमेला असल्यामुळे आपली खरी मध्यान्ह साडेबाराच्या आसपास असते. आपल्या मधल्या सुट्टीत छपराची सावली बरोबर छपराखाली पडते, याचे कारण हेच.

त्यानंतर सूर्य पश्चिमेकडे कलतो आणि सावली पूर्वेकडे सरकू लागते. एप्रिलच्या मध्याचा हिशोब पाहा. दुपारी दोन वाजता बारा फूट उंचीच्या छपराची सावली जमिनीवर सुमारे पाच फूट पूर्वेला सरकलेली असते. तीन वाजता ती जवळजवळ नऊ फूट सरकते आणि चार वाजता साडेचौदा फूट. आपली शेड दहा फूट रुंद आहे. म्हणजे दोन वाजता निम्मी शेड उन्हात असते, तीन वाजता जेमतेम एक फुटाची पट्टी सावलीत उरते आणि चार वाजता शेडची सगळी सावली शेडबाहेर, मोकळ्या मैदानावर पडलेली असते.

हीच शेड पूर्व-पश्चिम लांब असती, तर याच सूर्याने तिचे काहीच बिघडवले नसते. एप्रिलमध्ये चार वाजता सूर्य कोल्हापुरात जवळपास थेट पश्चिमेला असतो, त्यामुळे सावली शेडच्या लांबीच्या दिशेनेच सरकली असती. शेडची लांबी चाळीस फूट धरली, तर त्यातले साडेचौदा फूट गेले, तरी पंचवीस फुटांवर मुले सावलीत बसू शकली असती. म्हणून नवे अरुंद छप्पर बांधणाऱ्यांना माझा आग्रह आहे की जागा परवानगी देत असेल तर त्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी.

आपली शेड आता फिरवता येणार नाही, पण तिच्या पश्चिम बाजूला वरून खाली पडदी करता येईल. ती जमिनीला भिडवू नका. खालचे तीन फूट मोकळे सोडा. तेवढ्या फटीतून चार वाजता ऊन सुमारे पावणेचार फूट आत येईल आणि पाच वाजता साडेसहा फूट, म्हणजे पूर्वेकडच्या भागात मुले सावलीत राहतील आणि खालून वाराही खेळेल. पडदीसाठी बांबूचे तट्टे चालतात, लाकडी पट्ट्या चालतात, आणि घाई नसेल तर तारेच्या जाळीवर चढवलेली मधुमालती सर्वांत उत्तम.

पत्र्याबद्दल दोन शब्द. भर दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, आणि तोच तापलेला पत्रा खाली बसलेल्या मुलांच्या डोक्यावर उष्णता फेकत असतो. ऊन अडले तरी शेडखाली कोंडल्यासारखे वाटते ते त्यामुळे. वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग द्यावा आणि पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या चटयांचे छत बांधावे. पत्रा आणि चटई यांच्यामधली हवा दोन्ही बाजूंनी वाहती राहिली पाहिजे. आपल्या भागात उसाचे पाचट सहज मिळते आणि शेतातल्या खोपीवर ते छान गारवा देते, पण ते पेट घेते. शाळेच्या छपरावर ते मुळीच घालू नये.

प्रश्न : बसची वाट पाहताना मी थांब्याच्या छपराखालीच उभी असते, तरी चेहरा आणि हात रापतात. सावलीत ऊन लागते, हा माझा भ्रम आहे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजारामपुरी

भ्रम नाही. उन्हात आपल्याला जे तापल्यासारखे जाणवते आणि त्वचेला जे रापवते, ते एकच नाही. त्वचा रापवणारे आणि भाजणारे अतिनील किरण अंगाला गरम लागत नाहीत. त्यांची जाणीव होते ती नंतर. हे किरण थेट सूर्याकडूनच येतात असेही नाही. हवेच्या कणांवर आदळून प्रकाश विखुरतो, आणि तरंगलांबी जितकी कमी तितका तो अधिक विखुरतो. आकाश निळे दिसते ते याच कारणाने. अतिनील किरणांची तरंगलांबी निळ्या प्रकाशाहूनही कमी असल्यामुळे ते आणखी विखुरतात आणि साऱ्या आकाशातून आपल्यावर येत राहतात.

बहुतेक थांब्यांवर डोक्यावर चिंचोळे छप्पर आणि समोर मोकळे आकाश असते. अशी सावली अतिनील किरण निम्म्याच्या आसपास अडवते. उरलेले समोरून येतात. एक सोपी परीक्षा सांगतो. सावलीत उभे राहून समोर आणि वर पाहा आणि किती आकाश दिसते याचा अंदाज घ्या. जितके आकाश डोळ्यांना दिसते, तितके ते आपल्या त्वचेलाही दिसते. म्हणूनच एकट्या छत्रीखालची सावली आणि जुन्या वडाखालची सावली यांत फरक पडतो. वडाचा विस्तार चहूबाजूंनी खाली उतरलेला असतो, तिथे बसल्यावर आकाशाचे तुकडेच दिसतात. भवानी मंडपासारख्या जुन्या इमारतीच्या कमानीआड दोन पावले आत उभे राहून पाहिले, तरी हा फरक कळेल.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी अतिनील निर्देशांक ठरवून दिला आहे. तो ३ किंवा अधिक असेल तेव्हा संरक्षण घ्यावे, ८ ते १० अतितीव्र समजावा आणि ११ किंवा त्याहून अधिक टोकाचा. उन्हाळ्यात निरभ्र दुपारी कोल्हापुरात तो ११च्या पुढे जातो. दिवसभरातले बहुतेक अतिनील किरण मध्यान्हीच्या आगेमागे दोन-दोन तासांत येतात, म्हणजे आपल्याकडे साडेदहा ते अडीच ही वेळ जपायची. ऑगस्टमध्ये सूर्य पुन्हा डोक्यावर असतो आणि पातळ ढगांतून नव्वद टक्क्यांहून अधिक अतिनील किरण खाली येऊ शकतात. पावसाळी हवेत गार वाटते म्हणून तेव्हा आपण गाफील राहतो.

थांब्याच्या रचनेत सुचवण्यासारखे एवढेच की छप्पर रुंद हवे आणि पाठीमागची भिंत तसेच निदान एक बाजू झाकलेली हवी. पॉलिकार्बोनेटचे अर्धपारदर्शक पत्रे अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतात, पण उजेड आणि त्याबरोबर उष्णता आत घेतात. त्यांच्याखाली माणूस रापत नाही, उकडून मात्र निघतो. आपल्या हवेत थांब्यासाठी अपारदर्शक छप्परच योग्य.

प्रश्न : आपण सावळ्या वर्णाची माणसे. पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राबलो. मग हा एवढा बाऊ कशासाठी?
— एक शेतकरी, करवीर तालुका

सावळ्या त्वचेतील मेलॅनिनमुळे आपल्याला त्वचेच्या कर्करोगाचा धोका गोऱ्या लोकांपेक्षा बराच कमी असतो, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु मेलॅनिन डोळ्यांना वाचवत नाही. अनेक वर्षे पडलेले ऊन हे मोतीबिंदूच्या कारणांपैकी एक आहे. चेहऱ्यावरचे वांग उन्हाने वाढतात. उष्माघात तर वर्ण पाहत नाही. आणि उन्हात राबलेल्या त्या पिढ्या बांधावरच्या आंब्याखाली किंवा चिंचेखाली भाकरी खायला बसत होत्या, हेही आपण पाहिले असेल. ते झाड गेले आणि ऊन तेवढे राहिले, ही माझी चिंता आहे.

प्रश्न : माझी आई रस्त्याकडेला भाजी विकते. वर निळी प्लॅस्टिकची ताडपत्री बांधली आहे. तिच्याखाली आईचे डोके दुखते आणि अकराच्या आत मेथी-कोथिंबीर मान टाकते. कापडाचा रंग बदलून उपयोग होईल का?
— एक वाचक, लक्ष्मीपुरी

रंगाने थोडा फरक पडतो, उंचीने आणि थरांनी जास्त. ताडपत्री डोक्यापासून हातभर वर असेल तर तापलेले प्लॅस्टिक थेट आईच्या डोक्यावर उष्णता टाकते आणि खालची गरम हवा अडकून राहते. ती आठ-नऊ फुटांवर न्या आणि एका बाजूने उतरती बांधा, म्हणजे गरम हवा वरच्या कडेने निघून जाईल. तिच्याखाली वीतभर अंतरावर दुसरे सुती जाड कापड ताणा. वरचा थर पांढरा किंवा फिका असावा, कारण तो ऊन परतवतो. खालचा थर गडद आणि घट्ट विणीचा असावा, कारण एकाच विणीच्या दोन कापडांत गडद कापड अतिनील किरण अधिक अडवते. कापड उजेडासमोर धरून पाहा. ठिपक्याठिपक्यांनी उजेड दिसला तर तेवढ्यातून ऊनही येणार. जुनी मऊ साडी तीन-चार पदरी घडी करून शिवली, तरी बाजारातल्या एकेरी पातळ कापडापेक्षा चांगले काम देते.

भाजीसाठी पश्चिमेकडून आणि सकाळी पूर्वेकडून ओले गोणपाट सोडा. पालेभाजी रस्त्याच्या डांबरापासून उचलून लाकडी फळीवर किंवा पाटीत ठेवा. डांबर खालून तापत असते, आणि वरची सावली कितीही चांगली असली तरी ते तिला दाद देत नाही.

आपल्या पत्रात न विचारलेली एक गोष्ट सांगतो. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने शहरांत नगर पथविक्रेता समिती ठेवली आहे, आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात, त्यांतील एकतृतीयांश महिला. विक्रीच्या जागा ठरवताना त्या जागेवर सावली किती वाजेपर्यंत टिकते, हा मुद्दा या प्रतिनिधींनी मांडला पाहिजे. रस्त्याची कुठली बाजू विक्रीला द्यावी, एवढा एकच निर्णय नीट घेतला तरी कित्येक बायकांचे दुपारचे चार तास बदलतील.

प्रश्न : आमच्या तालमीच्या वतीने यंदा रस्त्याकडेला दहा-बारा झाडे लावायची आहेत. गुलमोहर लवकर वाढतो म्हणून बहुतेकांचे मत त्याकडे आहे. आपण काय सुचवाल? आणि झाडे मोठी होईपर्यंत काय करावे?
— तालमीचे एक कार्यकर्ते, शिवाजी पेठ

गुलमोहर फुलला की डोळ्यांचे पारणे फिटते, हे मला मान्य आहे, तरीही मी तो सुचवणार नाही. मादागास्करहून आलेले हे झाड आपल्याकडे उन्हाळ्याच्या पहिल्या भागात पाने टाकून उभे असते. सावली सर्वांत जास्त हवी असते तेव्हाच ते देत नाही. त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या पहिल्याच वावटळीत फांद्या खाली येतात. बहावा आपला, देखणा, पण तोही भर उन्हाळ्यात पानांऐवजी फुलांनी लगडलेला असतो. बागेत लावा, तालमीपुढे नको.

झाड निवडताना एकच प्रश्न विचारावा : एप्रिल-मे महिन्यात याच्या अंगावर पाने असतात का? करंज फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पाने टाकतो आणि एप्रिलपर्यंत नव्या पोपटी पालवीने गच्च भरतो. कडुनिंबाचेही तसेच. बकुळ बाराही महिने हिरवी आणि दाट असते, मात्र सावकाश वाढते. जांभळाची सावली गार असते, पण जूनमध्ये फळांचा सडा पडून फरशी निसरडी होते, म्हणून ते चालण्याच्या वाटेवर नको. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे ताम्हण लावा. ते आपले राज्यपुष्प आहे, बेताच्या उंचीचे राहते आणि उन्हाळ्यात पानाफुलांनी भरलेले असते. तालमीपुढे मोकळी जागा असेल तर एक वड मात्र जरूर लावा आणि त्याला पार बांधा, कारण पाराइतकी चांगली बसण्याची जागा मला आजवर सुचलेली नाही. दहा-बारा झाडांत निदान तीन जाती असू द्या, म्हणजे एखादी कीड किंवा रोग आला तरी सगळी रांग एकदम जाणार नाही.

जागा ठरवण्यापूर्वी दुपारी तीन वाजता रस्त्यावर उभे राहून ऊन कोणत्या बाजूला आहे ते पाहा. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर पश्चिमेकडच्या घरांची सावली तिसऱ्या प्रहरी रस्त्यावर येते आणि पूर्वेकडचा पदपथ भाजत राहतो. झाडे त्या पूर्वेकडच्या कडेला लावावीत. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर सावल्या रस्त्याच्या लांबीने पडतात, म्हणून झाडे सलग रांगेत वीस-पंचवीस फुटांवर लावावीत, म्हणजे एकाची सावली दुसऱ्यापर्यंत पोहोचेल.

खड्डा तीन फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल घ्यावा. पहिले दोन पाऊस पडून माती भिजली की लागवड करावी. आणि ही गोष्ट मी हात जोडून सांगतो : खोडाभोवती निदान चार फूट लांब-रुंद माती उघडी ठेवा. पदपथाची फरशी खोडापर्यंत भिडवलेली मी या शहरात किती ठिकाणी पाहिली आहे, याची गणती नाही. अशा झाडाच्या मुळांना पाणी मिळत नाही आणि हवाही मिळत नाही; ते वर्षानुवर्षे तसेच खुरटून उभे राहते आणि एखाद्या वळवाच्या पावसात मुळासकट आडवे होते. जमिनीखालून गटार किंवा जलवाहिनी जाते का, याची चौकशी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधीच करावी. पहिले तीन उन्हाळे कोणत्या घरातून कोणत्या झाडाला पाणी जाईल हेही लागवडीच्या दिवशीच ठरवावे. झाड मोठे झाल्यावर ते कोणी तोडायला आले तर १९७५चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आपल्या बाजूने आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे.

करंजाला उपयोगी सावली धरायला पाच-सात वर्षे लागतील. तोवर शेतात वापरतात ती शेडनेट लावावी. नेटवर लिहिलेला पंचाहत्तर किंवा नव्वद हा आकडा ती किती टक्के उजेड अडवते ते सांगतो. माणसांसाठी नव्वदची घ्या किंवा पंचाहत्तरची दुहेरी घ्या. प्लॅस्टिकची ताडपत्री वाऱ्याने शिडासारखी फुगते आणि खांबासकट उपटून येते; नेटमधून वारा आरपार जातो, म्हणून वळवाच्या दिवसांत ती जास्त सुरक्षित असते. तरीही लोखंडी नळ्यांचे खांब काँक्रीटमध्ये रोवूनच उभे करा आणि आकाश भरून आले की नेटखाली कोणाला थांबू देऊ नका.

प्रश्न : चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर आईला घेऊन गेलो होतो. रांगेत तिला भोवळ आली आणि अनवाणी पाय पोळले. यात्रेच्या वाटेवर सावलीची व्यवस्था कशी असावी? तशीच पंचगंगेच्या घाटावरही कायमचे छप्पर का करू नये?
— एक निवृत्त वाचक, जुना बुधवार

आईंना आता बरे असेल अशी आशा आहे. चैत्र पौर्णिमा ऐन उन्हाळ्यात येते आणि जोतिबाचा, म्हणजे वाडी रत्नागिरीचा, डोंगर उघडा आहे. तिथे काळ्या पाषाणाच्या फरश्या दुपारपर्यंत तव्यासारख्या होतात. अशा ठिकाणी डोक्यावरच्या मांडवाइतकीच पायाखालची सोय मोलाची आहे. सावलीतला दगड उन्हातल्या दगडापेक्षा कितीतरी कमी तापतो, म्हणून मांडव सकाळी ऊन चढण्याच्या आतच घातलेला हवा. तापून गेलेल्या दगडावर दुपारी घातलेली सावली त्याला लगेच गार करत नाही. फरशीवर काथ्याच्या चटया घालाव्यात आणि त्या वरचेवर भिजवत राहाव्यात. मांडवाची पश्चिमेची बाजू कनातीने झाकावी. पाणपोई सावलीतच असावी, कारण ती उन्हात असली की तहानलेली माणसे तिथे उन्हातच ताटकळतात. वृद्धांसाठी रांगेत ठरावीक अंतरावर बाके हवीत, आणि उठून पुन्हा आपल्या जागी येता येईल अशी मुभाही हवी. ती नसते म्हणून माणसे भोवळ येईपर्यंत उभी राहतात.

पुन्हा कधी असा प्रसंग आला आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्याला लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या कापडाने पुसत वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

घाटाबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत पंचगंगा कुठपर्यंत चढली होती ते आपण पाहिलेच आहे. घाट दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. तिथे कायमचे खांब रोवले तर वाहत आलेला गाळ, झाडे आणि कचरा त्यांना अडकणार, आणि घाटाच्या जुन्या दगडांना भोके पाडणे तर मला पटतच नाही. तिथे उचलता येण्याजोगा मांडव हवा. वाळूने भरलेल्या पिंपांत खांब उभे करावेत आणि त्यांवर नव्वद टक्क्यांची दुहेरी नेट ताणावी. वाळू पिंपात काठोकाठ भरावी आणि दोरांचे ताण दर आठवड्याला तपासावेत. होळी झाली की तो उभा करावा आणि मृग नक्षत्र लागण्याच्या आधी उतरवून, धुऊन, वाळवून ठेवावा. अशी नेट आणि नळ्या पुढच्या वर्षीही कामी येतात.